चित्रफितींचा प्रसार : संसर्ग, वानवळा आणि दवंडी

एखादी करमणुकीची चित्रफीत थोड्या अवधीत लक्षावधी लोकांच्या पाहण्यात आली म्हणजे ती 'व्हायरल झाली' असे आपण म्हणतो. हा शब्द मराठीत आता इतका रूढ झाला आहे की, त्यास पर्याय शोधण्याच्या खटपटीत पडण्याचे कारण नाही. परंतु शब्द स्वीकारला म्हणजे त्याच्या पोटात दडलेली कल्पनाही स्वीकारलीच पाहिजे असे नव्हे. 'व्हायरल' म्हणजे विषाणूसारखा. विषाणू एका देहातून दुसऱ्या देहात जातो तो माणसाच्या इच्छेवाचून, बहुधा त्याच्या नकळत. चित्रफितीचे तसे आहे काय? ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा कोणीतरी ती निवडलेली असते, कोणाला धाडावयाची हे ठरविलेले असते आणि धाडण्यात त्याचा काही हेतू असतो. शिवाय ती दरवेळी माणसाकडून माणसाकडेच जाते हेही खरे नाही. या प्रसाराची घडण कशी असते याविषयी गेल्या वीस वर्षांत बरेच मोजमाप झाले आहे. त्याचा परामर्श घेऊन संसर्गाच्या रूपकाने ही घडण कितपत उलगडते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम रूपकाचे मूळ पाहू. कल्पना आणि बातम्या विषाणूप्रमाणे फैलावतात हा विचार डग्लस रशकॉफ यांनी १९९४ सालच्या आपल्या 'मीडिया व्हायरस' या पुस्तकात मांडला होता. परंतु शब्द व्यवहारात आला तो व्यापारी मंडळींमुळे. सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनी जुलै १९९६ मध्ये 'हॉटमेल' ही विनामूल्य ई-टपालाची सेवा सुरू केली. तिच्याद्वारे धाडलेल्या प्रत्येक पत्राच्या तळाशी, आपणही अशी विनामूल्य टपालपेटी घ्यावी, अशा आशयाची एक ओळ आपोआप जोडली जात असे. पत्र घरगुती असो वा कामकाजाचे, ओळ ठरलेली. या युक्तीने ग्राहकसंख्या झपाट्याने वाढली, आणि हॉटमेलमध्ये भांडवल गुंतविणाऱ्या टिम ड्रेपर व स्टीव्ह जर्वेट्सन यांनी तीस 'व्हायरल मार्केटिंग' हे नाव प्रचारात आणले. येथे रूपक चपखल बसते, हे मान्य केले पाहिजे. पत्र लिहिणारा ती ओळ निवडीत नव्हता. ती त्याच्या पत्रास चिकटून जात होती. पुढे हाच शब्द चित्रफितींना लावण्यात आला, आणि तेथे मात्र तो बसतो किंवा नाही हे पाहण्याचे कष्ट फारसे कोणी घेतले नाहीत.

साथीच्या रोगांच्या शास्त्रात एक साधा गुणक वापरतात. एका रोग्यापासून सरासरी किती नव्या माणसांना लागण होते, ती संख्या म्हणजे हा गुणक. तो एकाहून अधिक असला तर साथ पसरते, कमी असला तर विझते. चित्रफितीच्या बाबतीत हिशेब करून पाहावा. समजा, एक फीत प्रारंभी १,००० जणांनी पाहिली. पाहणाऱ्या दर वीस जणांपैकी एकाने ती पुढे धाडली, आणि धाडणाऱ्याने प्रत्येकी दहा नव्या माणसांना दाखविली. म्हणजे गुणक झाला अर्धा. दुसऱ्या पिढीत ५०० प्रेक्षक, तिसऱ्या पिढीत २५०, मग १२५. आणि सर्वांची बेरीज २,००० च्या पलीकडे कधीच जाणार नाही. गुणक ०.९ धरला, म्हणजे फीत फारच लोकप्रिय आहे असे मानले, तरी बेरीज १०,००० वर थांबते. आता गुणक तोच अर्धा ठेवून प्रारंभीचे प्रेक्षक १,००० ऐवजी दहा लाख धरा. अंती वीस लाख लोक ती फीत पाहतील. पुढे धाडण्याचा उत्साह यत्किंचितही न वाढता केवळ प्रारंभ मोठा झाल्याने हा फरक पडला. जोना पेरेट्टी आणि डंकन वॉट्स यांनी २००७ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडून जाहिरातदारांस असा सल्ला दिला होता की, साथ पेटेल या आशेवर विसंबू नये. बी भरपूर पेरावे.

हा झाला कागदावरील हिशेब. प्रत्यक्षात काय घडते याचे सर्वांत व्यापक मोजमाप शरद गोयल, ॲश्टन अँडरसन, जेक हॉफमन आणि वॉट्स यांनी केले. त्यांचा निबंध २०१६ मध्ये 'मॅनेजमेंट सायन्स' या नियतकालिकात आला. ट्विटरवर (आज या माध्यमाचे नाव 'एक्स' असे आहे) बातम्या, चित्रफिती, चित्रे व अर्ज यांच्या प्रसाराच्या सुमारे एक अब्ज घटना त्यांनी तपासल्या. प्रत्येक प्रसाराची वंशावळ मांडली: अमुक गोष्ट मुळात कोणी टाकली, त्याच्याकडून कोणी घेतली, त्या घेणाऱ्यांकडून पुढे कोणी. अशा वंशवृक्षातील कोणत्याही दोन व्यक्तींमध्ये सरासरी किती पायऱ्यांचे अंतर आहे, ते त्यांनी मोजले. एकाच माणसाकडून हजारोंनी थेट घेतले असेल तर हे अंतर दोनच्या आसपास राहते. एक पायरी मुळाशी जाण्याची, दुसरी तेथून उतरण्याची. उलट, गोष्ट खरोखरच हातोहात पिढ्यान् पिढ्या गेली असेल तर अंतर वाढत जाते. निष्कर्ष असा निघाला की, लोकप्रिय गोष्टींच्या वंशवृक्षांत सर्व प्रकारचे आकार सापडतात खरे, परंतु बहुतेकांचे सरासरी अंतर अल्पच असते, आणि लोकप्रियता वाढली म्हणून ते वाढते असेही नाही. एखादी गोष्ट किती लोकांपर्यंत गेली हे मुख्यतः तिला लाभलेल्या सर्वांत मोठ्या एका प्रक्षेपणावर अवलंबून होते.

या दोन टोकांना आपल्या भाषेत जुनी नावे आहेत. परसातला फणस उतरला किंवा शेतात नवा भुईमूग निघाला की त्यातले थोडे शेजारीपाजारी आणि सोयऱ्यांकडे पाठवितात, त्यास वानवळा म्हणतात. वानवळा कोणी, कोणाला, कोणत्या नात्याने धाडला हे दोघांनाही ठाऊक असते. दवंडी याच्या उलट. ती एकाने पिटावयाची आणि साऱ्या गावाने ऐकावयाची. ज्या फितींना आपण व्हायरल म्हणतो त्यांतील पुष्कळशा वस्तुतः दवंडीने पसरलेल्या असतात, आणि त्यांस हातोहात फिरलेल्या वानवळ्यांची जोड मिळालेली असते.

एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. अमेरिकेतील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानानजीक राहणाऱ्या एका गृहस्थाने आकाशात उमटलेल्या दुहेरी इंद्रधनुष्याचे चित्रण करून जानेवारी २०१० मध्ये ते यूट्यूबवर ठेवले. धनुष्य पाहून त्याला झालेला आनंद इतका अनावर होता की तो बोलता बोलता रडतो आणि हसतो. ही फीत सुमारे सहा महिने जवळजवळ कोणाच्याही दृष्टीस पडली नाही. जुलै महिन्यात दूरचित्रवाणीवरील विनोदी निवेदक जिमी किमेल यांनी ट्विटरवर तिचा उल्लेख केला, आणि मग थोड्याच दिवसांत लक्षावधी लोकांनी ती पाहिली. जानेवारीत आणि जुलैत फीत तीच होती, इंद्रधनुष्यही तेच. तिच्या अंगी 'संसर्गशक्ती' होती असे म्हणावे तर ती सहा महिने कोठे निजली होती? यूट्यूबचे तत्कालीन अधिकारी केव्हिन अलोका यांनी २०११ च्या एका व्याख्यानात हेच उदाहरण देऊन रुची घडविणाऱ्या प्रतिष्ठितांच्या हातभाराचे महत्त्व सांगितले होते.

दवंडी आणि वानवळा एकमेकांस पूरक ठरतात हे पाहण्यास आंतरजालाचीही गरज नाही. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीची मूर्ती दूध पिते ही वार्ता सकाळी दिल्लीत निघाली आणि त्याच दिवशी मुंबई-पुण्यासह देशभर, इतकेच नव्हे तर परदेशांतील देवळांपर्यंत पोहोचली. दूरध्वनीवरून नातलगांनी नातलगांस कळविले आणि वृत्तवाहिन्यांनी रांगा दाखविल्या. कोणी कळविले याला त्या दिवशी मोठे महत्त्व होते. मावशीचा फोन आला म्हणून भाची वाटी घेऊन देवळात गेली. केवळ बातमी ऐकून ती गेली असती की नाही, सांगता येत नाही. १९५५ मध्ये एलिहू कात्झ आणि पॉल लाझार्सफेल्ड यांनी वृत्तपत्र-नभोवाणीचा प्रभाव थेट न पडता ओळखीच्या माणसांमार्फत दुसऱ्या टप्प्याने पडतो असे दाखविले होते. त्यांची ती उपपत्ती मोबाइलच्या युगात शिळी झाली आहे असे मानण्याचे कारण नाही.

मग प्रश्न उरतो तो गुणवत्तेचा. काही फिती मुळातच अधिक मजेच्या असतात म्हणून पसरतात, हे सर्वसाधारण मत. ते सर्वस्वी चुकीचे नाही. परंतु त्याचा पाया आपल्याला वाटतो तितका भक्कम नाही. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि वॉट्स यांनी २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. १४,३४१ लोकांना त्यांनी अपरिचित गायकमंडळांची ४८ गाणी ऐकावयास दिली आणि आवडलेली उतरवून घेण्याची मुभा दिली. काहींना इतरांची पसंती मुळीच कळू दिली नाही. उरलेल्यांचे आठ वेगवेगळे गट पाडले, आणि प्रत्येक गटात केवळ त्याच गटातील लोकांनी कोणते गाणे किती वेळा उतरविले हे दिसेल अशी व्यवस्था केली. म्हणजे एकाच इतिहासाची जणू आठ स्वतंत्र आवर्तने. उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, आणि अगदी वाईट गाणी सहसा वर आली नाहीत. मधल्या गाण्यांचे मात्र काहीही झाले. ज्यांना इतरांची पसंती ठाऊक नव्हती त्यांच्या यादीत सव्विसावे आलेले एक गाणे एका गटात पहिले आले आणि दुसऱ्या एका गटात चाळिसावे! प्रारंभी चार जणांनी योगायोगाने ते घेतले की नाही, एवढ्यावर पुढचे सारे ठरले. एखादी फीत गाजल्यानंतर ती का गाजली याची कारणे सांगणारे लेख रोज प्रसिद्ध होतात. ते वाचताना हा प्रयोग आठवावा. तसल्याच गुणांच्या शेकडो फिती कोपऱ्यात पडून असतात, आणि त्यांच्यावर कोणी लेख लिहीत नाही.

तथापि काही सर्वसाधारण कल हाती लागले आहेत. जोना बर्जर आणि कॅथरीन मिल्कमन यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'चे तीन महिन्यांतील सुमारे ७,००० लेख तपासले आणि वाचकांनी ई-टपालाने सर्वाधिक धाडलेल्या लेखांच्या यादीत कोणते आले ते पाहिले (२०१२). विस्मय, क्रोध आणि चिंता उत्पन्न करणारे लेख अधिक धाडले गेले. खेद उत्पन्न करणारे कमी. मजकुरातील गमतीची मात्रा वाढविली असता तो दुसऱ्यास सांगण्याची इच्छाही वाढते, असेही त्यांच्या एका प्रयोगात दिसले. त्यांची मीमांसा अशी की, जी भावना देहमन खडबडून जागे करते ती हातही हलविते. जी माणसाला खचविते ती हात थांबविते. रसव्यवस्थेच्या परिभाषेत अद्भुत, रौद्र, भयानक आणि हास्य एका बाजूस, तर करुण दुसऱ्या बाजूस, अशी ही विभागणी होते. वाचकांस ही तुलना मोहक वाटेल; पण ती फार ताणू नये. रसचर्चेचा विषय आस्वाद आहे, आणि येथे प्रश्न कृतीचा आहे. करुणरसाची फीत पाहणारा ती एकदा पाहून मनात जपून ठेवीत असेल; धाडली नाही म्हणून ती आवडली नाही असे होत नाही.

आता महाराष्ट्रातील एक उदाहरण जरा विस्ताराने पाहू, कारण त्यात प्रसाराचे जवळजवळ सर्व प्रकार एकवटले आहेत. २०१७ च्या पावसाळ्यात 'सोनू' या नावाने ओळखले जाणारे एक मराठी गाणे सर्वत्र फिरू लागले. मित्रमैत्रिणींचा घोळका उभा राहतो, एक जण सोनूला उद्देशून म्हणतो, बाकीचे साथ देतात, आणि शेवटी सोनूचा आपल्यावर विश्वास नाही काय, असा लाडिक सवाल येतो. त्याची रचना अगदी सोपी आहे. कडव्याच्या आरंभी कोणती तरी गोल वस्तू घालावी, मग सोनूला गोड बोलण्याची विनवणी करावी, आणि ठरलेल्या सवालावर यावे. गाणे येण्याची गरज नाही, वाद्य लागत नाही, अर्ध्या मिनिटात काम होते. महाविद्यालयांतील, कचेऱ्यांतील, सोसायट्यांतील मंडळींनी आपापल्या गोल वस्तू घालून आपापल्या फिती काढल्या. गुजराती, हिंदी आदी भाषांतही तिचे अवतार झाले.

लोकवाङ्मयाच्या अभ्यासकांस ही घडण परिचित आहे. उखाण्यात चौकट ठरलेली असते आणि प्रत्येक स्त्री तीत आपल्या पतीचे नाव गुंफते. भोंडल्याच्या कित्येक गाण्यांत सासू, सासरा, दीर, नणंद अशी एकेक नाती घालीत कडवी वाढवितात. अशी गाणी टिकतात ती कोणी त्यांच्या प्रती केल्यामुळे नव्हे. गाणाऱ्यास त्यांत आपले काही घालावयास जागा असते म्हणून टिकतात. फेब्रुवारी २०१३ मध्ये जगभर गाजलेल्या 'हार्लेम शेक' नृत्याच्या फितींचीही गोष्ट तीच. जेथे मोकळी जागा असते तेथे प्रेक्षक हा कर्ता होतो. डेमन सेंटोला आणि मायकेल मेसी यांनी २००७ मध्ये दाखविलेला भेद येथे उपयोगी पडतो. एखादी वार्ता कळावयास एकाच माणसाने सांगणे पुरते. परंतु ज्या गोष्टीत स्वतः काही करावयाचे असते, त्यात हसे होण्याची भीती असते, तीसाठी ओळखीच्या अनेकांनी ती केलेली दिसावी लागते. फीत पाहणे पहिल्या प्रकारचे. चारचौघांत उभे राहून 'सोनू' म्हणणे दुसऱ्या प्रकारचे. म्हणून अशा फिती एकेकट्या माणसांच्या साखळीतून जात नाहीत, वर्गांतून आणि मित्रमंडळांतून जातात.

त्याच जुलै महिन्यात मुंबईच्या ९३.५ रेड एफएम या नभोवाणी केंद्रावरील निवेदिका मलिष्का यांनी त्याच चालीवर शहरातील रस्त्यांची व पावसाळ्यातील गैरसोयींची थट्टा करणारी फीत काढली. गोल वस्तूची जागा खड्ड्यांनी घेतली, आणि सोनूची जागा मुंबईने. चौकट लोकांच्या तोंडी आधीच बसलेली असल्यामुळे विडंबन कळावयास क्षणही लागला नाही. दवंडीला नभोवाणी केंद्र होतेच. वानवळ्यासाठी खड्ड्यातून गेलेला प्रत्येक मुंबईकर होता. पुढची हकीकत वृत्तपत्रांतून सर्वश्रुत आहे. पालिकेतील सत्ताधारी शिवसेनेच्या काही नगरसेवकांनी ५०० कोटी रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावण्याची मागणी केली, आणि पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी निवेदिकेच्या घरी जाऊन डासांच्या अळ्या आढळल्याची नोटीस दिली. या दोन्ही वार्तांनी फितीला नवे प्रेक्षक मिळवून दिले, हे सांगणे नलगे.

हे सारे २०१७ मध्येच व्हावे यालाही कारण आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओने प्रारंभी विनामूल्य सेवा देऊन व्यवसायास सुरुवात केली आणि मोबाइलवरील आंतरजालाचे दर कोसळले. तत्पूर्वी फीत उतरवून घ्यावी की नाही याचा विचार करणारा मनुष्य आता विचार करीनासा झाला.

येथवरच्या विवेचनात धाडणारा माणूस कोठे ना कोठे दिसत होता. गेल्या काही वर्षांत तो मागे सरत आहे. यूट्यूबने २०१२ मध्ये आपल्या शिफारशींचा निकष बदलला. किती जणांनी फीत उघडली याऐवजी ती किती वेळ पाहिली गेली यास महत्त्व दिले. २०१८ च्या प्रारंभी कंपनीच्या अधिकाऱ्यांनी सांगितले की, यूट्यूबवर लोक जो वेळ घालवितात त्यातील सुमारे ७० टक्के वेळ यंत्राने सुचविलेल्या फिती पाहण्यात जातो. टिकटॉकने याही पुढे पाऊल टाकले. त्यावर कोणाचे अनुयायी किती हे गौण होते. यंत्र नवी फीत थोड्या लोकांपुढे ठेवी, त्यांनी ती पूर्ण पाहिली, पुन्हा पाहिली, की अधिक लोकांपुढे ठेवी. यामुळे खेडोपाडीच्या, कोणाचीही ओळखदेख नसलेल्या माणसांस अकस्मात लाखोंचा प्रेक्षकवर्ग मिळाला, ही त्याची मोठीच जमेची बाजू होती. भारत सरकारने २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी घातल्यावर त्याच वर्षी इन्स्टाग्रामच्या 'रील्स' आणि यूट्यूबच्या 'शॉर्ट्स' यांनी ती जागा घेतली. पद्धत मात्र तीच राहिली. ही ना दवंडी ना वानवळा. दवंडी सर्वांना एकच ऐकू येते. येथे प्रत्येकापुढे निराळी फीत येते, आणि ती कोणी धाडली म्हणून विचारावे तर धाडणारा कोणी नसतो. नुसते पाहत राहणे हेच दुसऱ्यासाठी शिफारस करणे ठरते, आणि हे बहुतेक प्रेक्षकांच्या ध्यानीही येत नाही. विचार केला तर विषाणूचे रूपक हॉटमेलनंतर प्रथमच येथे पुन्हा काहीसे लागू पडू लागले आहे.

वानवळ्याच्या उपमेलाही मर्यादा आहे, आणि ती सांगितली पाहिजे. वानवळा आपल्या शेतातला असतो. चित्रफीत बहुधा दुसऱ्याच्या परसातली. कॅनडातील एका शाळकरी मुलाने २००२ च्या अखेरीस, हाती काठी घेऊन चित्रपटातील योद्ध्याची नक्कल करतानाचे आपलेच चित्रण केले होते. ते कोणाला दाखविण्याचा त्याचा विचार नव्हता. शाळासोबत्यांच्या हाती ते लागले, त्यांनी २००३ मध्ये ते आंतरजालावर टाकले, आणि तो मुलगा जगभर थट्टेचा विषय झाला. त्यास शाळा सोडावी लागली आणि प्रकरण न्यायालयात गेले. हसणाऱ्यांपैकी एकालाही त्याचे वाईट व्हावे असे वाटत नसेल. प्रत्येकाने आपल्या एकदोन स्नेह्यांस हसविले एवढेच.

याहून भयंकर प्रकार आपल्याच राज्यात घडला आहे. कराची येथील एका बालसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये पालकांना सावध करण्याकरिता एक फीत काढली होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरील मुलास उचलून नेतात, आणि लगेच परत येऊन त्यास सोडतात व मुलांकडे लक्ष देण्याचे आवाहन करणारा फलक दाखवितात. पुढे कोणीतरी शेवटचा भाग कापून टाकला, आणि उरलेली फीत भारतात मुले पळविणाऱ्या टोळीचे खरे चित्रण म्हणून फिरू लागली. २०१८ च्या पूर्वार्धात अशा फिती आणि त्यांच्या जोडीच्या अफवा व्हॉट्सॲपवरून अनेक राज्यांत पसरल्या. त्या वर्षी १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांस, ते मुले पळविणारे आहेत अशा संशयावरून, जमावाने ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्याकडील होते. अशी फीत धाडणारा मनुष्य सामान्यतः दुष्ट नसतो. आपल्या बहिणीच्या मुलांस धोका आहे असे त्याला वाटते, आणि तो बहिणीला कळवितो. मावशीच्या फोनवर भाचीचा जो विश्वास होता तोच येथे कामी येतो. वानवळ्यात आलेली वस्तू कोणी तपासून घेत नाही. सोरूश वोसूघी, देब रॉय आणि सिनान अरल यांनी २०१८ मध्ये ट्विटरवरील सुमारे १,२६,००० वार्तांचे मार्ग तपासून दाखविले की, खोट्या वार्ता खऱ्यांहून दूरवर आणि वेगाने जातात, आणि त्याचे मुख्य कारण स्वयंचलित खाती नसून माणसेच आहेत. खोट्या वार्ता अधिक नवलाच्या असतात, असे त्यांना आढळले. बर्जर आणि मिल्कमन यांच्या यादीतील विस्मय आणि चिंता येथे पुन्हा भेटतात.

उपाय प्रसाराच्या प्रकारानुसार बदलतात, हे या प्रकरणातून स्पष्ट होते. दवंडी पिटणारा एक असतो, त्याला जाब विचारता येतो. यंत्राची शिफारस कंपनीस बदलता येते. हातोहात जाणाऱ्या वस्तूला मात्र मार्गात कोठेतरी अडथळा घालण्याखेरीज इलाज नसतो. व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच जणांस वा गटांस संदेश पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली, जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू केली, आणि एप्रिल २०२० मध्ये फार वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येईल असे केले. त्यानंतर अशा संदेशांची संख्या ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने जाहीर केले. पूर्वी केलेल्या हिशेबातील गुणकाला लावलेला हा सरळ लगाम आहे. खरेखोटे न पाहता तो सर्वांनाच लागतो, विनोदी फितीलाही आणि औषधाच्या खऱ्या निकडीलाही.

आमच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने एका अडचणीचा उल्लेख केला पाहिजे. वर ज्यांचे निष्कर्ष दिले त्यांतील प्रसाराच्या वंशावळी ट्विटरच्या आहेत, आणि मराठी माणसाच्या फिती प्रामुख्याने फिरतात त्या व्हॉट्सॲपवर. तेथील मजकूर एप्रिल २०१६ पासून धाडणारा आणि घेणारा यांखेरीज कोणालाही वाचता येत नाही. गोपनीयतेच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण वंशावळ मांडण्याचा मार्ग त्यामुळे बंद होतो. ट्विटरनेही २०२३ मध्ये संशोधकांना विनामूल्य सामग्री देणे बंद केले, आणि फेसबुकवरील प्रसार पाहण्याचे 'क्राउडटँगल' हे साधन मेटा कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये मिटविले. तेव्हा घरोघर जाऊन विचारण्याची जुनी पद्धतच पुन्हा उपयोगी पडणार आहे. ही फीत कोणाकडून आली, कोणाला धाडली, कोणाला मुद्दाम धाडली नाही, सोबत काय लिहिले, या चार प्रश्नांची उत्तरे एका गावातील पन्नास घरांतून मिळाली तरी आज उपलब्ध असलेल्या माहितीत मोलाची भर पडेल. विशेषतः तिसरा प्रश्न कोणत्याही यंत्राला विचारता येणार नाही.

मोबाइलवर दिसणाऱ्या एका खुणेचा मात्र अशा पाहणीत उपयोग करता येईल. पाच किंवा अधिक हातांतून गेलेल्या संदेशावर व्हॉट्सॲप दोन बाणांची खूण दाखविते. ही गणना संदेशाबरोबर प्रवास करते, परंतु कोणी फीत आपल्या मोबाइलमध्ये साठवून नव्याने धाडली तर ती पुन्हा प्रारंभापासून सुरू होते. म्हणून पाहणी करणाऱ्याने दोन बाण दिसल्यास निदान पाच पिढ्यांची नोंद करावी, आणि ते नसल्यास ते घर कोरे सोडावे.